पितरांच्या वहीतला कोरा रकाना

रामकुंडावर सध्या पहाटेपासून गर्दी आहे. पितृपक्ष सुरू आहे. ओल्या पायऱ्या, दर्भ, काळे तीळ, पानावर मांडलेले पिंड आणि कावळ्याची वाट पाहणारे डोळे, हे चित्र नाशिककरांना नवे नाही. यंदा याच पंधरवड्यात २९ सप्टेंबर आला आहे. हा जागतिक हृदय दिन. शहरातल्या रुग्णालयांबाहेर लाल बदामाचे फलक लागतील, गोल्फ क्लब मैदानाभोवती सकाळी फेरी निघेल, टोप्या वाटल्या जातील. एकीकडे पितरांचे स्मरण, दुसरीकडे हृदयाची काळजी. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे असे कुणाला वाटत नाही. पण तो आहे, आणि तरुण माणसांच्या बाबतीत तर फार जवळचा आहे.

पंचवटीत किंवा त्र्यंबकेश्वरी तीर्थोपाध्यायांच्या घरी लांबट, जाड बांधणीच्या वह्या असतात. आपले गाव सांगावे, आडनाव सांगावे. उपाध्ये पाने उलटत मागे जातात आणि पणजोबांच्या नावावर बोट ठेवतात. अमुक गावचा अमुक, त्याचे भाऊ, त्याची मुले, कोणाचे कार्य करायला आला होता, सारे लिहिलेले असते. आपल्याला ठाऊक नसलेला एखादा चुलत पणजोबाही तिथे भेटतो. पाहणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. मग तर्पण सुरू होते. पिता, पितामह, प्रपितामह. मग आईच्या माहेरचे, मातामह आणि त्यांच्या मागचे दोघे. दोन्ही बाजूंच्या तीन-तीन पिढ्या. हृदयरोगतज्ज्ञ ‘फॅमिली हिस्ट्री’ म्हणून जे विचारतो, त्याचा आराखडा यापेक्षा वेगळा नसतो. इतकेच नव्हे, माणूस कसा गेला याचीही पंचांगाला पर्वा आहे. सवाष्ण गेलेल्या स्त्रीसाठी अविधवा नवमी, शस्त्राने वा अपघाताने गेलेल्यांसाठी चतुर्दशी. एवढा बारकाईचा हिशेब ठेवणाऱ्या समाजाच्या वहीत एक रकाना मात्र कोराच राहिला. आजोबा कितव्या वर्षी गेले, आणि नेमके कशाने?

हा प्रश्न घरी विचारून पाहावा. उत्तरे ठरलेली असतात. ‘झटक्यात गेले.’ ‘निजल्या जागी गेले.’ ‘गॅस झालाय म्हणाले, सोडा घेतला आणि पाच मिनिटांत खेळ खलास.’ ‘वारे गेले होते अंगावरून.’ आणि या सगळ्यांवर शेवटची मोहर, ‘पुण्यवान माणूस, कुणाला सेवा करायला लावली नाही.’ अंथरुणाला खिळून राहण्याची धास्ती असलेल्या समाजाने झटपट मरणाला पुण्य म्हणावे, हे समजण्यासारखे आहे. पण ते पुण्यवान म्हटले की चौकशी संपते. गेलेला माणूस पंच्याऐंशीचा होता की अठ्ठेचाळीसचा, हा फरकही त्या शब्दात बुडून जातो. दहाव्याला कावळा शिवला नाही की आपण हात जोडून एकेक इच्छा आठवून पाहतो, पोरीचे लग्न, शेताचा वाद, राहिलेली वारी. त्यांचा रक्तदाब किती होता, हे मात्र कुणी आठवत नाही.

तरुणपणीच्या हृदयविकाराची आणि पक्षाघाताची पहिली खूण रक्ताच्या बाटलीत सापडण्याआधी घरातल्या आठवणीत असते, आणि ती आपण विधिवत विसरतो, हेच आज सांगायचे आहे. वैद्यकशास्त्राने यासाठी साधा हिशेब ठेवला आहे. वडील किंवा भाऊ यांना पंचावन्नच्या आत, आई किंवा बहीण यांना पासष्टच्या आत हृदयविकार झाला असेल, तर त्या घरातल्या मुलांचा धोका वाढलेला समजायचा. करोनानंतर तरुणांच्या अचानक मृत्यूंच्या बातम्या वाढल्या तेव्हा भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने १८ ते ४५ वयोगटातल्या अशा मृत्यूंचा अभ्यास केला. तो २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. लसीमुळे धोका वाढल्याचे त्यात आढळले नाही. धोका वाढवणाऱ्या गोष्टी निघाल्या त्या वेगळ्या: करोनामुळे रुग्णालयात दाखल व्हावे लागणे, एका बैठकीत ढोसलेली दारू, झेपत नसताना केलेला जोरकस व्यायाम आणि घराण्यात कुणाचा तरी असाच अचानक मृत्यू. समाजमाध्यमांवर लशीवरून महिनोन्महिने भांडणे झाली. यादीतल्या या शेवटच्या नोंदीकडे कुणी वळून पाहिले नाही.

आपल्याकडे हा आजार लवकर येतो, ही नुसती समजूत नाही. ५२ देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात दक्षिण आशियाई माणसाला पहिला झटका येण्याचे सरासरी वय ५३ निघाले. इतरांचे जवळपास ५९. सहा वर्षांचा फरक. संसाराच्या भाषेत सांगायचे तर धाकट्याचे शिक्षण पूर्ण होणे आणि अर्धवट राहणे, एवढा. आणि ५३ हे सरासरी वय आहे, म्हणजे कितीतरी लोक त्याच्या आधीच गाठले जातात. डॉ. नीतू मांडके यांचे नाव महाराष्ट्र विसरलेला नाही. बाळासाहेब ठाकरे यांच्यावर शस्त्रक्रिया करणारे हे निष्णात हृदयशल्यविशारद मे २००३ मध्ये हृदयविकारानेच गेले, वयाच्या ५५ व्या वर्षी. डिसेंबर २०२३ मध्ये अभिनेते श्रेयस तळपदे चित्रीकरण संपवून घरी आले आणि त्यांना झटका आला. वय ४७. ते वाचले. नंतर त्यांनीच मुलाखतीत सांगितले, की घराण्यात हृदयविकार होता आणि कोलेस्टेरॉल थोडे चढलेले होते. ‘थोडे चढलेले’ हे शब्द लक्षात ठेवण्यासारखे आहेत.

कारण हा आजार ज्या दिवशी उघड होतो, त्या दिवशी सुरू झालेला नसतो. १९५३ मध्ये अमेरिकी लष्करातल्या डॉक्टरांनी कोरियाच्या युद्धात पडलेल्या ३०० सैनिकांची हृदये तपासली. सरासरी वय २२. कवायतीत तयार झालेली, धडधाकट पोरे. त्यांतल्या ७७ टक्क्यांच्या हृदयाच्या धमन्यांत आजाराच्या खुणा डोळ्यांना दिसत होत्या. पुढे १९७३ मध्ये लुइझियाना राज्यात बोगालुसा येथे शाळकरी मुलांवर अभ्यास सुरू झाला. त्यातली जी मुले अपघाताने वा अन्य कारणाने गेली, त्यांच्या धमन्यांतही चरबीच्या पिवळट रेघा सापडल्या. रक्तदाब, वजन आणि कोलेस्टेरॉल ज्यांचे जास्त, त्यांच्यात रेघाही जास्त. घराच्या भिंतीला ओल धरते तशीच ही गोष्ट. पोपडा पडतो त्या दिवशी आपण चमकतो. पाणी मात्र कित्येक पावसाळे झिरपत असते.

मराठी माणसाच्या अंगात ही ओल जरा आधीपासूनच असते, हे दाखवून देणारे संशोधन आपल्या शेजारी पुण्यातच झाले. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे त्यांचे सहकारी जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. पांढऱ्या सदऱ्यातले दोन सडपातळ गृहस्थ. दोघांचाही उंची-वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३. तक्त्याप्रमाणे दोघेही उत्तम. पण अंगातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. पुण्याजवळच्या खेड्यांत याज्ञिकांच्या चमूने १९९३ पासून गरोदर मातांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. तिथली बाळे सरासरी २.७ किलोची, साउथॅम्प्टनमधली ३.५ किलोची. आपल्या बाळांत स्नायू कमी, पोटातले अवयव लहान. चरबी तेवढी जवळजवळ टिकवून ठेवलेली. बाहेरून काटक, आतून लठ्ठ. ‘आमच्यात कुणी जाड नाही हो’ हे वाक्य म्हणूनच फसवे आहे. वजनकाटा आपल्या बाजूने खोटी साक्ष देतो.

मग खरी साक्ष कोणाची? घरातल्या फितीची. शिंप्याकडची साधी मोजपट्टी घ्यावी, श्वास सोडून, पोट आत न ओढता, शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मध्यावर गुंडाळावी. पुरुषाचा घेर ९० सेंटिमीटरच्या वर आणि स्त्रीचा ८० च्या वर गेला, की ती खूण समजावी. पँटचा नंबर हे माप नव्हे. पँट पोटाच्या खाली सरकत जाते आणि नंबर तोच राहतो.

दुसरी खूण मानेवर असते. दहावी-बारावीतल्या मुलाच्या किंवा मुलीच्या मानेची मागची बाजू काळवंडते, मखमलीसारखी जाडसर होते, वळ्या पडतात. कधी काखेतही. आई म्हणते, नीट घासून आंघोळ करत नाहीस. पोर काथ्याने मान सोलून काढते. रंग जात नाही. तो मळ नसतोच. रक्तातले इन्सुलिन वाढून राहिले की बहुधा त्वचा अशी होते. मधुमेह दहा-पंधरा वर्षांनी येईल, पण त्याची चिठ्ठी आजच मानेवर चिकटवलेली असते. तिसरी खूण डोळ्यांजवळ दिसते. पापणीच्या आतल्या कोपऱ्यात पिवळट, किंचित उठावदार ठिपके; किंवा टाचेमागची शीर गाठीसारखी जाड. ऐन विशी-तिशीत असे दिसले तर कोलेस्टेरॉल तपासायलाच हवे. अडीचशे-तीनशे माणसांत एकाला वाईट कोलेस्टेरॉल जन्मतःच जास्त असते, आई किंवा वडिलांकडून आलेले. उपचार न केल्यास अशा पुरुषांतल्या निम्म्यांना पन्नाशीच्या आत हृदयविकार गाठतो. एक सापडला की घरातले बाकीचेही सापडतात, आणि गोळी साधी, जुनी, स्वस्त आहे.

काही खुणा बोलायला अवघड असतात. तिशी-चाळिशीतल्या पुरुषाची शरीरसंबंधाच्या वेळची ताठरता कमी होणे, हे अनेकदा मनाचे दुखणे नसून धमन्यांचे असते. त्या जागेच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांपेक्षा बारीक, म्हणून त्या आधी तक्रार करतात. भिंतींवर जाहिराती रंगवणाऱ्या वैद्यबुवांकडे चोरून जाण्याऐवजी हा माणूस रक्तदाब आणि साखर तपासायला गेला, तर दोन-तीन वर्षांची सूचना हाती लागते. घोरण्याचेही तसेच. घोरता घोरता श्वास थांबणे, दचकून जागे होणे आणि दिवसभर पेंगणे, याला आपण ‘गाढ झोप’ म्हणतो. ती झोप नसते. रात्रभर चाललेली ओढाताण असते, आणि तिने रक्तदाब चढतो.

बायकांच्या खुणांबद्दल तर सगळीकडेच शांतता. गरोदरपणात बीपी वाढले होते, पायावर सूज होती, लघवीतून प्रथिने जात होती, बाळ लवकर काढावे लागले. बाळ-बाळंतीण सुखरूप घरी आले आणि फाईल माळ्यावर गेली. पण अशा स्त्रीला पुढे हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा धोका सुमारे दुप्पट असतो. गरोदरपणी साखर वाढली असेल तर पुढे मधुमेहाची शक्यता बरीच वाढते. म्हणजे पंचवीस-सव्विसाव्या वर्षीच निसर्गाने तिची चाचणी घेतली आणि निकालही दिला. तो वाचायला कुणी थांबले नाही. बाराव्याला पाळणा झाला, की मातेची तपासणी संपली असे घर समजते. तिचे बीपी वर्षाला एकदा बघायला हवे, हे डिस्चार्ज कार्डावर ठळक लिहायला काय हरकत आहे?

रक्तदाबाविषयी थोडे सविस्तर बोलले पाहिजे, कारण हृदयविकार आणि पक्षाघात या दोन्हींच्या दाराची ती एकच किल्ली आहे. अमेरिकेत १९८५-८६ मध्ये १८ ते ३० वयाच्या पाच हजारांहून अधिक तरुणांना घेऊन ‘कार्डिया’ नावाचा अभ्यास सुरू झाला. चाळिशीच्या आत ज्यांचा दाब चढलेला होता, त्यांना पुढे हे आजार जास्त झाले. वरचा १३० च्या आसपास, म्हणजे आपण ‘बॉर्डरवर आहे’ म्हणून सोडून देतो तो. आपल्याकडे वीस वर्षांवरील एक लाखाहून अधिक लोकांच्या देशव्यापी पाहणीत, जिचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले, ३५.५ टक्क्यांना उच्च रक्तदाब आढळला, आणि रक्तातल्या चरबीत काही ना काही बिघाड तर ८१ टक्क्यांत. दाब चढला की डोके दुखते, चक्कर येते, ही समजूत आधी काढून टाकावी. बहुतेकांना काहीच होत नाही. मोजणे हाच त्याचा एकमेव आवाज.

आणि मोजायचे कसे? दवाखान्याचे जिने धापा टाकत चढून, चहा पिऊन, मोबाइलवर बोलत बोलत बाही वर केली, तर आकडा खोटा येतो. पाच मिनिटे टेकून शांत बसायचे. पाय जमिनीवर, एकावर एक नाही. हात टेबलावर, हृदयाच्या पातळीला. पट्टा उघड्या दंडावर. अर्धा तास आधी चहा, तंबाखू नाही. दोनदा मोजायचे, दोन वेगळ्या दिवशी. १४० वर ९० आले तर डॉक्टर. १३० वर ८० च्या वर राहत असेल तर मीठ, वजन, झोप यांचा विचार आणि पुन्हा मोजणी. विशी-तिशीत दाब फारच जास्त निघाला, तर मूत्रपिंड आणि ग्रंथी तपासून घ्याव्या लागतात. नुसती गोळी सुरू करून भागत नाही.

प्रयोगशाळेतल्या चाचण्यांची यादी लांब आहे आणि तिचा बाजारही मोठा. शंभर चाचण्यांचे पॅकेज घेऊन वीस पानांचा रंगीत अहवाल मिळवणारे गंगापूर रोडला पुष्कळ भेटतील. त्यातले तरुणाला खरोखर लागणारे थोडे आहे. तीन महिन्यांची सरासरी साखर, ५.७ पासून सावध व्हायचे. कोलेस्टेरॉलचा तपशील, त्यातही वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने जुलै २०२४ मध्ये भारतीयांसाठी मार्गदर्शिका काढली. तिने पहिली तपासणी अठराव्या वर्षीच करायला सांगितली आहे आणि सर्वसाधारण माणसाचे एलडीएल १०० च्या खाली असावे असे म्हटले आहे. उपाशीपोटी यायची सक्तीही बहुतेकांसाठी काढली. याच मार्गदर्शिकेत आणखी एक नाव आहे, लायपोप्रोटीन-ए. नॉर्वेच्या कोरे बर्ग यांनी १९६३ मध्ये ते शोधले. हे कण रक्तात किती असणार ते बहुतांशी आईवडिलांकडून ठरून येते. पथ्याने, चालण्याने फारसे बदलत नाही. म्हणून चाचणी आयुष्यात एकदा केली तरी पुरते. ५० मिलिग्रॅमच्या वर असेल, तर बाकीच्या सगळ्या गोष्टी अधिक काटेकोर ठेवायच्या. ज्यांच्या घरात ‘झटक्यात गेले’ हे वाक्य पन्नाशीच्या आतल्या माणसाबद्दल बोलले जाते, त्यांनी ही एक चाचणी जरूर करावी.

ईसीजी आणि ट्रेडमिल चाचणी चांगली आली म्हणजे पुढची दहा वर्षे निश्चिंत, असेही नसते. ईसीजी त्या घटकेचे चित्र देतो. ट्रेडमिलवर बराच मोठा अडथळा पकडला जातो. पण पुष्कळ झटके लहान अडथळ्यावरचा पापुद्रा फुटून, तिथे गुठळी बसून येतात. व्यायामाचेही असेच. नाशिक हे सायकलस्वारांचे गाव आहे. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये अमेरिका आडवी ओलांडणारी सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत पुरी केली. २०१७ मध्ये लेफ्टनंट कर्नल डॉ. श्रीनिवास गोकुलनाथ यांनी ती एकट्याने पार केली. त्यांच्यामुळे कितीतरी पोटे कमी झाली, हे या शहराचे भाग्य. पण त्यामागे वर्षानुवर्षांची तयारी होती. वर्षभर खुर्चीत बसून एका रविवारी मित्रांच्या नादाने पांडवलेणीच्या पायऱ्या धावत चढणाऱ्याला ती तयारी नसते. घराण्याची वही आणि बीपीचा आकडा पाहूनच त्याने बूट बांधावेत.

पक्षाघाताची पूर्वसूचना अनेकदा पाच मिनिटांची असते. हातातला कप निसटतो, तोंड वाकडे होते, शब्द अडखळतो, एका डोळ्यापुढे अंधारी येते, आणि काही वेळाने सगळे पूर्ववत. घरचे म्हणतात, अशक्तपणा आला असेल, झोपू द्या. याच माणसाला पुढच्या ४८ तासांत मोठ्या झटक्याचा सर्वाधिक धोका असतो. तरुणांच्या पक्षाघाताला आणखीही कारणे आहेत. लहानपणी घसा दुखून सांधे सुजले होते आणि झडप खराब झाली, हे एक. नाडी अनियमित पडणे, हे दुसरे. मशेरी आणि तंबाखूची पुडी, हे तिसरे. २०१२ पासून राज्यात गुटखाबंदी आहे आणि पुडी कुठे मिळते हे सातपूरच्या टपरीवरच्या पोराला विचारावे. बाळंतिणीला पाणी कमी द्यायची जुनी रीत हे आणखी एक. रक्त दाट होऊन मेंदूच्या शिरेत गुठळी होऊ शकते. बाळंतपणानंतर असह्य डोकेदुखी झाली तर डोक्याला फडके बांधून पडू नये. आणि खरा झटका आलाच, तर मालिशवाल्याचा पत्ता शोधण्यात वेळ दवडू नये. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येते. १०८ ची गाडी २०१४ पासून राज्यभर आहे. ती त्यासाठीच आहे.

आता जरा व्यवस्थेकडे. सरकारचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम मुलांना अठरा वर्षांपर्यंत तपासतो. बीपी-साखरेची सरकारी तपासणी मोहीम सुरू होते तिसाव्या वर्षी. मधली बारा वर्षे कोणाच्याच वहीत नाहीत. नाशिककराला बारा वर्षांचा अर्थ वेगळा सांगायला नको. एक सिंहस्थ ते दुसरा सिंहस्थ. याच एका सिंहस्थात पोर कॉलेजात जाते, वसतिगृहात रात्री दोनला मॅगी खाते, अंबडच्या कारखान्यात रात्रपाळीला लागते, पहिली सिगारेट ओढते, लग्न करते, पहिले बाळंतपण होते. धमन्यांतली रेघ जाड होते ती याच काळात. पैसेवाल्यांची मुले पॅकेजमधून तरी सुटतात. दिंडोरीच्या द्राक्षबागेत डिपिंगच्या, म्हणजे घड औषधात बुडवायच्या दिवसांत राबणाऱ्या पंचविशीतल्या मजुराच्या दंडाला बीपीचा पट्टा पहिल्यांदा लागतो, तो बहुधा छातीत कळ आल्यावर.

२०२७ च्या कुंभासाठी रस्ते, घाट, पूल यांची कामे चालू आहेत. रुग्णवाहिका येतील, तात्पुरती रुग्णालये उभी राहतील. येणाऱ्या कोट्यवधींची काळजी घ्यायलाच हवी. पण गावात राहणाऱ्यांच्या एका सिंहस्थाएवढ्या रिकाम्या जागेचेही काही करता येईल. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय म्हसरूळला आहे. पदवीच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेताना गुणपत्रिका, दाखला, जात प्रमाणपत्र मागतात, तसा प्रत्येक विद्यार्थ्याचा बीपी, कमरेचा घेर आणि घराण्याचा इतिहास नोंदवायचा, एवढा एक धडा या विद्यापीठाने आपल्याच गावातल्या महाविद्यालयांपासून घालून द्यावा. महागडे यंत्र लागत नाही. एक पट्टा, एक फीत, तीन प्रश्न. कारखान्यांनी रुजू होताना हेच करावे, मात्र नोकरी नाकारायला नव्हे. आणि आरोग्यवर्धिनी केंद्रांनी तिशीची वाट पाहू नये. दारात आलेल्या बावीस वर्षांच्या पोरालाही बसवून मोजावे.

घरांनीही एक संकोच सोडावा. आजार लपवण्यामागे बहुतेक वेळा लग्नाची धास्ती असते. ‘बाहेर सांगू नका, पोरांची जमायची राहतील.’ पत्रिकेत मंगळ आहे का हे पोटतिडकीने विचारणारी माणसे सासऱ्यांचा बायपास सोयीने विसरतात. बाहेर सांगू नये, ठीक आहे. पण घरातल्या घरात, आपल्याच पोटच्या पोरांपासून तो का लपवावा? हा दोष नाही, शाप नाही, आणि नशिबाचा लेखही नाही. आजोबांकडून जमीन येते तसा धोकाही येतो. जमिनीची सातबाऱ्यावर नोंद ठेवतो, तशी याची ठेवायची. ‘इंटरहार्ट’नेच सांगितले आहे, की पहिल्या झटक्याच्या धोक्याचा सुमारे ९० टक्के भार तंबाखू, रक्तदाब, साखर, चरबी, पोट, ताण, आहार, दारू आणि हालचाल या नऊ गोष्टींच्या हिशेबात बसतो. घराण्याकडून आलेला धोकाही पुष्कळदा यांच्याच वाटेने चालतो. वाट कळली तर अडवता येते.

सर्वपित्री अमावस्येला घरात चारजण जमतील. खीर-वडे होतील, कावळ्याला घास जाईल. पान वाढायच्या आधी एक साधी वही काढावी. आईला, आत्याला, मामाला बसवून विचारावे: कोण, कितव्या वर्षी, कशाने. ‘झटक्यात’ म्हणाले तर थांबू नये. छातीत दुखले होते का, हात लुळा पडला होता का, साखर होती का, तंबाखू खात होते का, तेही विचारावे. दोन्ही बाजूंच्या तीन पिढ्या, तर्पणात म्हणतो तशाच. मग खाली घरातल्या अठरा वर्षांवरील प्रत्येकाचे नाव, कमरेचा घेर आणि बीपीचा आकडा, तारखेसह. ती वही पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना पिशवीत टाकावी. बीपी मोजायला पाच मिनिटे लागतात, आणि सरकारी आरोग्य केंद्रात त्याचे पैसे पडत नाहीत.